एकशे एकाहत्तर सह्या

श्रीरंग आरोसकर मला कधीच फारसा आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे माणूस वाईट नाही. कुणाचं घर बदलायचं असलं की हा सकाळी सातला हातमोजे घालून हजर. नवीन आलेल्या पोरांना बँक, विमा, डॉक्टर सगळं समजावून देणार, तेही चहाची अपेक्षा न ठेवता. पण बोलायला लागला की उंटावरचा शहाणा! आणि एकदा का त्याचे आजोबा सुरू झाले की संपलंच. जेवण निवलं तरी चालेल, आजोबा पूर्ण व्हायलाच पाहिजेत.

आजोबांची गोष्ट आमच्या गावातल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. आमचं गाव म्हणजे जर्मनीत, फ्रांकफुर्टजवळच्या एश्बॉर्नपासून एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, चार स्टेशनं. दहा-साडेदहा हजार वस्ती, त्यात आपली माणसं चांगली तीनेकशे, सगळी संगणकावर पोट भरणारी. तर १९३० साली, एकोणीस वर्षांचे असताना, श्रीरंगच्या आजोबांनी शिरोड्याच्या मिठागरात उतरून मूठभर मीठ उचललं, डोक्यात लाठी खाल्ली आणि सहा महिने तुरुंगात काढले. "मिठाचा कर किती होता गं? काही आणे!" श्रीरंग बोट नाचवून सांगायचा. "प्रश्न पैशाचा नव्हताच. आम्हाला न विचारता लावलात ना, मग देत नाही, एवढंच. आधी विचारा, मग मागा."

हे वाक्य ऐकून मी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बाबा रे, तू स्वतः काय करतोयस? सतरा वर्षं इथे राहतोय, महिन्याच्या महिन्याला निम्म्याला लागणारा कर भरतोय, पासपोर्ट भारतीय. म्हणजे इथल्या निवडणुकीत मत नाही. तिकडे मतदानाला जायला रजा मिळत नाही. दोन देशांत मिळून याला विचारणारं कुणी नाही, आणि हा आम्हाला मिठागरं शिकवतोय.

माझा पासपोर्ट जर्मन आहे. २०१७ मध्ये घेतला. माझा नवरा गेला त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या दोन वर्षांत परवान्याच्या कागदासाठी परदेशी माणसांच्या कचेरीत इतक्या चपला झिजवल्या, की एक दिवस ठरवलं, बास. कुणाच्या मेहरबानीवर राहायचं नाही. भारतीय पासपोर्ट परत केला तेव्हा त्याचा कोपरा कापताना बघवलं नाही मला. घरी येऊन पोटभर रडले. आणि त्याच वर्षी गणपतीत, माइक हातात असताना, दीडशे माणसांसमोर हा बहाद्दर म्हणाला, "आपल्यातल्या काही जणांनी तर आता देवच बदललाय, बरं का! प्रवासाची रांग चुकावी म्हणून लोक आजोबा-पणजोबा विकायला निघालेत." लोक हसले. नाव घेतलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते. त्याची बायको मालिनी नंतर माझ्यापाशी आली, "लताताई, मनावर घेऊ नका हो, त्यांना बोलायचं भान राहत नाही." मी म्हटलं, छे गं, मी कुठे मनावर घेते! घेतलं होतं. चांगलं शिवून ठेवलं होतं मनात.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२०२४ च्या जुलैमध्ये गावाच्या सभेने ठरवलं, की लिंडेनवेग हा रस्ता पार मुळापासून खोदून नवा करायचा. आणि इथला नियम असा, की सभेने ठरवलं तर अशा रस्त्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्या रस्त्यावरच्या घरमालकांकडून वसूल करता येतो. त्याला म्हणतात स्ट्रासेनबायट्राग, रस्त्याची पट्टी. काही गावांनी ती रद्द केलीय, आमच्या गावाने नाही. श्रीरंगचं घर लिंडेनवेगवर, आणि तेही कोपऱ्यावर. त्याच्या नावाने अंदाज निघाला एकोणीस हजार चारशे युरो.

झालं! भुकेल्याच्या ताटात पक्वान्न पडावं तसा त्याचा चेहरा खुलला. खोटं नाही सांगत, एकोणीस हजार ऐकून माणूस खचेल, हा उजळला. "बघितलंस लता? न विचारता लावलेला कर! आता आमची पाळी." ज्या दिवशी नोटीस आली त्याच दिवशी तो हेर, म्हणजे श्रीयुत, क्लिंगलर यांच्या दारात उभा. क्लिंगलर म्हणजे निवृत्त शिक्षक, लिंडेनवेगवर चाळीस वर्षं राहणारे, पांढऱ्या मिशांचे, शांत. त्यांनी आधीच पाचसात शेजारी जमवले होते. श्रीरंगला त्यांनी बसवून घेतलं, आणि पंधरा दिवसांत सगळ्या कामाचा कणा हाच झाला. तक्ते याचे, पत्रकं याची, वेबसाइट याची.

वकिलाने सांगितलं, की कराच्या विरोधात गावाचं मतदान मागता येत नाही, कायद्यात बसत नाही. पण रस्ता खोदायचा ठराव रद्द करा, असं मागता येतं. रस्ता नाही तर पट्टी नाही. त्यासाठी गावातल्या मतदारांपैकी दहा टक्क्यांच्या सह्या, म्हणजे आठशे बारा, आणि आठ आठवड्यांची मुदत. शेवटचा दिवस, बारा सप्टेंबर, गुरुवार.

त्या आठ आठवड्यांत मी श्रीरंगला जेवढा सुखी बघितला तेवढा कधीच नाही. ऑफिसातून सुटला की गळ्यात पट्टा अडकवून, हातात कागदाची पाटी घेऊन दारोदार. सतरा वर्षं ज्या शेजाऱ्यांशी सकाळचं 'मोर्गन' आणि कचऱ्याच्या डब्याचा वार याच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं, ते आता याला आत बोलावून केक खायला घालत होते. "हेर आरोसकर" चा "श्रीरंग" झाला, क्लिंगलर त्याला "डू", म्हणजे "तू", म्हणू लागले. मालिनी मला सांगत होती, "ताई, हे घरात शीळ घालतात हो!" क्लिंगलर सभेत म्हणाले, श्रीरंग आमच्यातला आहे. बस, त्या एका वाक्यावर त्याने पुढचे दोन महिने काढले. पैशाचं सोडा, त्याला तेच हवं होतं. ह्या गावाने आपल्याला आपलं म्हणावं, आपल्या बोलण्याला इथे वजन असावं.

त्याची मुलगी ईप्सिता चौदा वर्षांची, इथेच जन्मलेली. तिला शाळेत नेमका तेव्हाच धडा होता, अमेरिकेतल्या वसाहतींचा. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये आमचा माणूस नाही, तर तुमचा कर आम्ही का भरू, असं म्हणत त्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या आणि पुढे युद्ध झालं, तो धडा. मी तेव्हा त्यांच्या घरी जेवायला होते. श्रीरंगने ताबडतोब आजोबा काढले. "बघ, तोच चहा, तीच कंपनी, तेच राज्य! त्यांनी चहा फेकला, आपण मीठ उचललं." मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या सवयीप्रमाणे जर्मनमध्ये विचारलं, "पण पापा, तुम्हाला इथे मत आहे का?"

"म्हणजे काय! आहे की," हा ताठ बसून म्हणाला. "एकवीस साली राटहाउसमध्ये जाऊन मतदान करून आलो मी. कार्ड आलं होतं घरी, माझ्या नावाचं."

मी भाताचा घास तोंडाशी नेता नेता थांबले. कारण ते कार्ड कसलं, ते मला माहीत होतं. त्या दिवशी मतपेट्या दोन होत्या. एक गावाच्या सभेची. तिची मतपत्रिका म्हणजे जवळजवळ चादर, घरी टेबलावर पसरून मी तासभर खुणा केल्या होत्या. दुसरी आउसलेंडरबायराटची, म्हणजे परदेशी रहिवाशांची सल्लागार समिती. ही समिती गावाला सल्ला देते, गाव तो फायलीत लावतं. श्रीरंगला आलेलं कार्ड ह्या दुसऱ्या पेटीचं होतं. राटहाउस, म्हणजे गावाची कचेरी, एकच, रविवार एकच, शिक्काही तसाच. पहिल्यांदाच मत द्यायला मिळालेल्या माणसाने कशाला बघायचंय पेटी कुठली? त्याने आनंदाने फोटो काढून सगळ्यांना पाठवला होता. आणि एकटा तोच नाही, आपल्यातले निम्मेअधिक तसंच समजून बसले होते. कार्ड येतं म्हणजे आपण मतदार.

तेव्हा बोलले नाही, कारण त्याच्या मुलीसमोर त्याचा पाणउतारा नको वाटला. हे मात्र खरं आहे. त्या दिवशीचं माझं गप्प बसणं चांगल्या मनाचं होतं. आणि सह्यांचा आणि ह्याचा संबंध लागेल, हे त्या क्षणी डोक्यात आलंही नाही.

सप्टेंबर उजाडला. सह्या सातशेच्या पुढे जाऊन अडल्या होत्या. क्लिंगलर यांनी शेवटच्या तीन दिवसांचा बेत आखला होता. मंगळवारी आठवडी बाजारात टेबल, सोमवार-बुधवार नव्या वसाहतीत दारोदार. श्रीरंग म्हणाला, "थांबा, आमचा गणपती आहे."

आठ तारखेला, रविवारी, गावाच्या ब्युर्गरहाउसच्या हॉलमध्ये आमचा सार्वजनिक गणपती. आरती झाली. आरतीनंतर मोदकांची रांग असते, उकडीचे, मालिनी आणि चार बायका पहाटेपासून वळत होत्या. ह्याने काय करावं? रांगेच्या तोंडाशी टेबल टाकलं, वर कागद, पेनं, आणि माइकवर पुकारा, "आधी सही, मग मोदक! गावात राहणाऱ्यांनी सही केल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही!" लोकांना मजा वाटली. बायकांनी नवऱ्यांना ढकललं, नवऱ्यांनी मित्रांना. पत्ता गावातलाच हवा, जन्मतारीख हवी, सगळं नीट तपासून घेत होता. फ्रांकफुर्टहून आलेल्यांना बाजूला काढत होता, "तुम्ही नाही चालणार, गावातले लोक पुढे!" इतका काटेकोर माणूस.

माझी पाळी आली. कागद हातात घेतला. वर एक ओळ छापली होती, की ह्या गावात मतदानाचा हक्क असलेल्यांनीच सही करावी. आणि खाली आपली नावं. भाग्यश्री, अश्लेषा, नील, तनया, पानामागून पानं. आणि मला त्या घासाच्या वेळचं आठवलं आणि लख्ख कळलं. यातलं एकही नाव चालणार नाही. चुकत नसेन तर ह्या हॉलमध्ये चालणारी सही माझी आणि फार तर आणखी पाचसहा जणांची.

मी मान वर केली. तोंड उघडलं. देवाशप्पथ, सांगणार होते. "श्रीरंग, जरा बाजूला ये," एवढे शब्द जिभेवर होते.

तेवढ्यात त्याने मला बघितलं आणि माइक तोंडाशी नेला. "या, या, लताबाई जर्मनीकर! शेवटी आलात म्हणायचं आमच्या मिठागरात!"

हॉल हसला. सात वर्षांपूर्वी हसला होता तसाच. माझ्या मागची ती परवा आलेली पोरगी, जिला मी घर शोधून दिलं होतं, तीसुद्धा हसली.

मी तोंड मिटलं. सही केली. मोदक घेतला आणि खिडकीपाशी उभी राहून खाल्ला. मनात म्हटलं, जा आता. घे काय घ्यायच्यात त्या सह्या.

एकशे एकाहत्तर सह्या झाल्या त्याच्या, आमच्या पाचसहा सोडून. संध्याकाळी तो गठ्ठा घेऊन क्लिंगलर यांच्याकडे गेला. एकूण आकडा नऊशे चाळीसवर गेला. क्लिंगलर यांनी त्याला मिठी मारली म्हणे. हव्यात आठशे बारा, हातात नऊशे चाळीस. मग कशाला बाजारात टेबल, कशाला दारोदार? सत्तरीतली माणसं ती, पाय दुखत होते त्यांचे. पुढचे तीन दिवस त्यांनी रद्द केले आणि सोमवारीच कागद राटहाउसमध्ये देऊन टाकले.

उत्तर ऑक्टोबरमध्ये आलं. गावातल्या गास्टहाउसच्या, म्हणजे खानावळीच्या, मागच्या खोलीत सगळे जमले. मालिनीने मला आग्रह करून नेलं, "ताई, चला ना, त्यांचा मोठा दिवस आहे." क्लिंगलर यांनी पत्र वाचलं. दोनशे चौदा सह्या बाद. त्यातल्या त्रेचाळीस चुकीच्या पत्त्याच्या, दुबार वगैरे. एकशे एकाहत्तर, सही करणाऱ्याला मतदानाचा हक्क नाही. उरल्या सातशे सव्वीस. शहाऐंशी कमी. अर्ज फेटाळला. मुदत संपलेली.

श्रीरंग उठला. "म्हणजे, चूक आहे त्यांची," म्हणाला, अगदी शांतपणे. पिशवीतून फाइल काढली. हा माणूस सगळं फाइल करतो. प्लास्टिकच्या खोळीत ते एकवीस सालचं कार्ड. "हे बघा. मी मतदार आहे. मी मत दिलंय." कार्ड टेबलावरून हातोहात फिरलं. एका बाईने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, हे तर परदेशी लोकांच्या समितीचं आहे. कुणीतरी हसलं. वाईट हेतूने नाही, पण हसलं. मग कुणी म्हणालं, "तीन दिवस होते हो आपल्याकडे. शहाऐंशी तर मी एकट्या बाजारात मिळवल्या असत्या." आणि क्लिंगलर, इतके सभ्य, तेही म्हणाले, "हेर आरोसकर, सतरा वर्षं... आम्हाला वाटलं, तुम्ही आमच्यातलेच."

हेर आरोसकर. "डू" चं पुन्हा "झी", म्हणजे "तुम्ही", झालं. त्याच्या कानशिलात मारली असती तर कमी लागलं असतं. तो कार्ड परत खोळीत घालत होता आणि ते आत जाईना. मालिनीने हातातून घेऊन घातलं.

मला वाटलं होतं, मला बरं वाटेल. सात वर्षं जपलेलं उट्टं होतं ते. पण नाही वाटलं. एक मूर्ख, बडबड्या, प्रामाणिक माणूस भर सभेत उघडा पडला होता, आणि त्याला झाकायला माझं एक वाक्य पुरलं असतं. रविवारी बोलले असते तर सोमवार, मंगळवार, बुधवार हातात होते. तो भांडला असता, चिडला असता, पण शहाऐंशी सह्या आणल्या असत्या त्याने, रांगत जाऊन आणल्या असत्या.

रस्ता खोदला. पट्टीचं पत्र आलं, एकोणीस हजारांचे वीस झाले होते. लिंडेनवेगवरचे बाकीचे हप्ते पाडून घेत होते, तक्रारी करत होते. श्रीरंगने दुसऱ्या दिवशी सगळी रक्कम भरून टाकली, एका शब्दाने न विचारता. मालिनी म्हणाली, "निदान हप्ते तरी करून घ्या." तर म्हणाला, "मला कोण विचारतंय?" क्लिंगलर यांच्या लोकांनी पुढे नवी समिती केली. तिच्या पहिल्याच पत्रात लिहिलं होतं, सभासदत्व गावच्या मतदारांसाठी. याला पत्र आलंच नाही. मला आलं.

ह्या वर्षीच्या गणपतीत त्याने माइक घेतला नाही. आरतीला मागे उभा होता. कुणीतरी सहज म्हणालं, "श्रीरंग, आजोबा होऊन जाऊ देत!" तर म्हणाला, "राहू दे रे, काय त्याचं." एवढंच. मी त्या क्षणी ते मिठागर, ती लाठी, तो सगळा कंटाळवाणा इतिहास पुन्हा ऐकायला काहीही दिलं असतं.

परवा शनिवारी दुपारी तो माझ्या दारात आला. हातात फाइल. "लता, वेळ आहे का तुला? नागरिकत्वाचा अर्ज भरायचाय. तू केलंयस म्हणून विचारतो." मी चहा टाकला. जर्मनी आता म्हणते, दोन्ही पासपोर्ट ठेवा, पण आपला देश ठेवू देत नाही, म्हणजे हाही एक दिवस कौन्सुलेटच्या खिडकीशी उभा राहणार. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "माहितेय. कोपरा कापतात ना?" मी नुसती मान हलवली.

पान दोन, पान तीन. कामाचा दाखला, भाडं नाही, स्वतःचं घर, भाषेची परीक्षा. मध्येच पेन खाली ठेवून म्हणाला, "लता, मी तेव्हा माइकवर काहीबाही बोललो होतो तुला. दोनदा. चुकलं माझं." ते इतक्या सरळपणे म्हणाला, की मला त्याच्याकडे बघवेना. मी चहा ओतत राहिले.

"मला एकच गोष्ट सलते," तो म्हणाला. "त्या दिवशी एवढी दोन-अडीचशे माणसं हॉलमध्ये, शिकलेली सगळी. एकालाही माहीत नसावं? मालिनी म्हणते, लताताईंना विचारायला हवं होतं. मी म्हटलं, अगं, तिला माहीत असतं तर ती सांगितल्याशिवाय राहिली असती का? आमचं कितीही वाजू दे."

माझ्या हातात किटली होती. आताही सांगता आलं असतं. पण तो आधार घ्यायला आला होता, आणि माझ्याशिवाय त्याला ह्या गावात आता विचारण्यासारखं दुसरं कुणी उरलेलं नव्हतं. किंवा असं म्हणू या की मी भित्री आहे. तेच खरं असेल.

"सांगितलं असतं," मी म्हटलं. "नसतं का सांगितलं?"

"तेच तर," तो म्हणाला, आणि अर्जाचं पुढचं पान त्याने विश्वासाने माझ्याकडे सरकवलं.